शील घेतल्यानंतरचे पहिले दहा दिवस : दारू सुटताना शरीरात काय घडते?

माजलगाव तालुक्यात दारू सोडण्याचे दोन हंगाम आहेत. पहिला आषाढ पौर्णिमेचा. वर्षावास सुरू होतो, विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन लागते, आणि ‘तीन महिने तरी शिवणार नाही’ म्हणणारे चार-दोन जण प्रत्येक वस्तीत निघतात. दुसरा हंगाम अशोक विजयादशमी आणि १४ ऑक्टोबरच्या आसपासचा. बावीस प्रतिज्ञा सगळे मिळून म्हणतात, त्यात दारू न पिण्याची प्रतिज्ञा येते आणि मागच्या रांगेत उभा असलेला एखादा माणूस त्या क्षणी खरोखर ठरवतो, आजपासून बंद.

आम्ही या भागात व्यसनाच्या प्रश्नावर काम करतो. त्या माणसाच्या निर्धारावर आमचा विश्वास आहे. आम्हाला काळजी असते ती तिसऱ्या रात्रीची. प्रतिज्ञा सगळ्यांना पाठ असते, पण ती घेतल्यावर पुढच्या ७२ तासांत शरीर काय काय दाखवणार आहे, हे त्याला विहारात कोणी सांगत नाही. घरच्यांनाही नाही. मग तो चौथ्या दिवशी पुन्हा दुकानावर दिसतो, किंवा फिट येऊन दवाखान्यात पोहोचतो. काही जण जिवाला मुकतात. आणि आपण चौकात बसून म्हणतो, ‘निर्धारच कच्चा होता.’ बहुतेक वेळा निर्धार पक्का असतो. दारू तुटली की शरीराचे काय होते, हे आपल्यालाच ठाऊक नसते.

हा लेख पिणाऱ्यांसाठी आहेच, पण त्याहून जास्त वस्तीतल्या तरुण कार्यकर्त्यांसाठी आहे. कारण रात्री दोन वाजता वहिनीचा फोन येतो तो तुम्हाला : “दादा, हे कसं तरीच करायलेत, लवकर या.”

थरथर कुठून येते?

दारू मेंदूला सुस्त करते. मेंदूत शांत करणारी एक रासायनिक यंत्रणा असते, तिला ‘गाबा’ म्हणतात, आणि चेतवणारी दुसरी असते, ती ‘ग्लुटामेट’ची. दारू पहिलीला बळ देते आणि दुसरीला दाबते. माणूस रोज, वर्षानुवर्षे प्यायला लागला की मेंदू गप्प बसत नाही. तोल सांभाळण्यासाठी तो शांत करणारी बाजू कमी करतो आणि चेतवणारी वाढवतो. रस्सीखेच आठवा. एका बाजूने दारू ओढते आहे, दुसऱ्या बाजूने मेंदू तेवढ्याच ताकदीने टाच रोवून उभा आहे. दोर ताणलेला, पण जागेवर. आता दारूच्या बाजूने एकदम दोर सोडला तर? दुसरी बाजू धाडकन मागे पडते. दारू अचानक बंद केल्यावर शरीरात हेच होते. चेतवणारी बाजू मोकाट सुटते. हात कापतात, घाम फुटतो, छातीत धडधडते, रक्तदाब चढतो, मळमळते, झोप उडते, बारीकशा आवाजाने माणूस दचकतो. डॉक्टर याला विथड्रॉवल म्हणतात.

या थरथरीचा आणि मनोबलाचा काही संबंध नाही. मलेरियात हुडहुडी भरलेल्या माणसाला आपण ‘मन घट्ट कर’ म्हणत नाही.

क्रम साधारण असा असतो. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत कापरे भरते. म्हणून तर कित्येकांना पहाटे उठल्याउठल्या घोट लागतो. रात्रभरात दारू उतरलेली असते, चहाचा कप हातात धरवत नाही आणि घोट घेतला की हात स्थिर होतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येण्याचा धोका असतो, आणि ज्याला आयुष्यात कधी फिट आली नाही त्यालाही ती येऊ शकते. बहुतेकांचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठून पाचव्या-सातव्या दिवसापर्यंत ओसरतो.

काहींचा मात्र ओसरत नाही. विथड्रॉवल होणाऱ्या शंभरातल्या साधारण तीन ते पाच जणांना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम होतो. डॉक्टर त्याला ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ किंवा थोडक्यात डी.टी. म्हणतात. माणसाला दिवस-रात्र कळत नाही, घरचे ओळखू येत नाहीत, भिंतीवर मुंग्या, साप दिसतात, अंगात ताप असतो. आपल्या कामाचे हातवारे करणे हेही याचे एक ठरलेले लक्षण आहे. ऊसतोड करणारा माणूस हवेत कोयता चालवतो, मोळी बांधतो, नसलेल्या ट्रकला हाका मारतो. हे पाहून घरच्यांचा धीर सुटतो आणि कोणीतरी म्हणते, बाहेरचे लागले. प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतूनही अशा रात्री देवऋषाकडे माणूस धावतो, हे आपण मान्य केलेले बरे. त्यात जे दहा-बारा तास जातात तेच जीवघेणे ठरतात. डी.टी. झालेला माणूस दवाखान्यात वेळेवर पोहोचला तर बहुधा वाचतो. घरी डांबून ठेवला, बाजेला बांधून ठेवला तर दगावण्याची शक्यता मोठी असते.

धोका कोणाला जास्त?

सणावाराला पिणाऱ्याला यातले फारसे काही होत नाही. ज्याला होऊ शकते तो माणूस ओळखता येतो. तो रोज पितो, सकाळी पितो, जेवण जवळपास सुटलेले आहे, यापूर्वी दारू सोडताना फिट आली होती किंवा भ्रम झाला होता, वय पन्नाशीच्या पुढे आहे, कावीळ, ताप, डोक्याला मार असे आणखी काही आहे. यातले एक जरी लागू असेल तरी ‘घरीच बघू’ म्हणू नका.

यात एक गोष्ट आपल्या वस्त्यांसाठी फार महत्त्वाची आहे. जो माणूस पुन्हा पुन्हा दारू सोडतो आणि पुन्हा सुरू करतो, त्याचा त्रास अनेकदा दर खेपेला वाढत जातो. पहिल्या वर्षी नुसती थरथर, तिसऱ्या वर्षी फिट, पाचव्या वर्षी भ्रम. म्हणजे दरवर्षी वर्षावासात सोडणारा आणि अश्विन पौर्णिमा झाली की पिणारा माणूस दर आषाढात जास्त धोक्यात असतो. ‘मागल्या साली काही झालं नव्हतं’ हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते ऐकले की आम्ही सावध होतो.

अख्ख्या देशाची दारू एकदम तुटली की काय होते हे २०२० च्या टाळेबंदीत दिसले. मार्चअखेर दुकाने बंद झाली आणि बंगळूरसारख्या शहरांत विथड्रॉवलचे गंभीर रुग्ण वाढल्याचे तिथल्या डॉक्टरांनी नोंदवले. पुढच्या वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, निर्बंधांच्या काळात यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर प्यायलेले सात जण मेले. तेव्हा वर्तमानपत्रे वाचून पुष्कळांनी ‘दारुडे’ म्हणून विषय संपवला. ती माणसे मजेसाठी सॅनिटायझर प्यायली असतील असे आम्हाला वाटत नाही.

मग शील घ्यायचेच नाही का?

घ्यायचे. फक्त त्याच्या आधी आठवडाभर माणसाला डॉक्टरकडे न्यायचे.

आमचे म्हणणे एवढेच आहे की विहार समितीने आषाढ पौर्णिमेच्या आठ-दहा दिवस आधी, ज्यांना सोडायची आहे त्यांची शांतपणे चौकशी करावी. यादी भिंतीवर लावायची नाही, माइकवर नावे घ्यायची नाहीत. रोज पिणाऱ्याला माजलगावच्या ग्रामीण रुग्णालयात घेऊन जावे. गुंतागुंत असेल तर बीडचे जिल्हा रुग्णालय आहे आणि अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे मनोविकृतीशास्त्र विभाग आहे. अंबाजोगाईला जायचे तर अख्खा दिवस आणि एक मजुरी बुडते, हे आम्हाला माहीत आहे. वस्तीतल्या तरुणांनी वर्गणी काढायची तर त्या मजुरीसाठी काढावी. एखादा बॅनर कमी लागला तरी चालेल.

यावर ज्येष्ठ उपासकांकडून एक आक्षेप येतो. डॉक्टरांनी ‘एकदम बंद करू नका, औषध सुरू होईपर्यंत हळूहळू कमी करा’ असे सांगितले तर? हे पाचवे शील मोडायला सांगणे नाही का? आम्हाला तसे वाटत नाही. माणूस जगला तर शील पाळणार आहे. शिवाय हे कमी करणे डॉक्टरांच्या सांगण्याने आणि काही दिवसांपुरते असते, स्वतःच्या मनाने ‘रोज एक क्वार्टर’ असे नव्हे.

दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला पाठवून द्या, असाही सल्ला आपल्याकडे सहज दिला जातो. शिबिराची किंमत आम्ही कमी करत नाही. पण हे पहिले दहा दिवस ते नव्हेत. ज्याला परवापर्यंत सकाळी घोट लागत होता, त्याला आता नर्स आणि औषध लागते. शिबिर म्हणजे रुग्णालय नव्हे. दोन-तीन महिने स्थिर गेल्यावर तो विचार करावा, तोही डॉक्टरांना विचारून.

उपचार म्हणजे तरी काय? मेंदूला हळूहळू जमिनीवर उतरवणारी औषधे पाच-सात दिवस, रोज मात्रा कमी करत. ही औषधे सवय लावणारी असतात, म्हणून ती डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायची, मेडिकलवाल्याच्या ओळखीने नाही. आणि त्यांच्यावर दारू प्यायली तर श्वास मंदावून माणूस जाऊ शकतो.

दुसरी गोष्ट व्हिटॅमिन बी-वन, म्हणजे थायमिन. शरीरात त्याचा साठा काही आठवड्यांपुरताच असतो, दारूमुळे ते नीट शोषले जात नाही आणि पिणारा जेवतही नाही. ते फार कमी झाले की मेंदूला इजा होते : चालताना झोक जातो, डोळ्यांच्या हालचाली बिघडतात, माणूस गोंधळतो, पुढे स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. आपल्याकडे सलाइनवर लोकांची भारी श्रद्धा. अशक्त माणूस दिसला की ‘एक बाटली लावा, साहेब’. पण बी-वन संपलेल्या माणसाला नुसते ग्लुकोजचे सलाइन दिले तर ही इजा उलट ओढवू शकते. म्हणून सोबत गेलेल्या कार्यकर्त्याने नम्रपणे विचारावे, “डॉक्टरसाहेब, हे रोज पितात, महिन्याभरापासून जेवण नाही. बी-वनचं इंजेक्शन आधी द्यायचं का?” हा प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. पण डॉक्टरांपासून पिणे लपवले तर त्यांना कळणार कसे? आणि घरचे लपवतात, लाजेपोटी. ‘थोडीफार घेतात कधीमधी.’

केंद्र सरकार आणि दिल्लीच्या एम्सने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचे दिसले. उरलेले ३७ दारू सोडायचा प्रयत्न करत असतील तर तो घरातच, अंधारात.

घरी काय करायचे, काय नाही

डॉक्टरांनी घरी ठेवायला हरकत नाही म्हटले तर पहिले पाच दिवस एक शहाणा माणूस सतत जवळ हवा. रात्री दिवा चालू ठेवा, अंधारात भास वाढतात. पाणी, ताक, ओआरएस, पातळ खिचडी, अंडी, केळी, थोडे थोडे आणि वारंवार. पोट एका वेळी जास्त घेत नाही. मोटारसायकलची किल्ली, कोयता, विळा, फवारणीचे औषध नजरेआड. पाहुण्यांची गर्दी नको आणि भाषणे तर अजिबात नकोत. त्या माणसाला त्या वेळी प्रबोधन ऐकू येत नसते.

फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली घडी केलेला कपडा ठेवा, तोंडात चमचा किंवा बोट घालू नका. कांदा नको, चप्पल नको. १०८ ला फोन करा. भ्रम, ताप, रक्ताची उलटी, काळी शौच, डोळे पिवळे, यातले काहीही दिसले तर सकाळची वाट बघू नका.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. एसटी स्टँडच्या भिंतींवर जाहिराती असतात, ‘न सांगता दारू सोडवा, चहातून द्या, जेवणातून द्या.’ अशा पुडीत नेमके काय आहे हे विकणाराही सांगत नाही. काहींत डायसल्फिराम असू शकते. हे खरे औषध आहे, डॉक्टर ते देतात, पण माणसाच्या संमतीने आणि तपासण्या करून. ते पोटात असताना दारू प्यायली की दारूचे विघटन अर्ध्यावर अडते आणि एक विषारी घटक रक्तात साचतो. चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, क्वचित मृत्यूही येतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकते. ज्याला माहीतच नाही की आपल्याला औषध दिले आहे, तो नेहमीसारखा पिणारच. रोज मार खाणाऱ्या ताईने ती पुडी आणली तर तिच्यावर रागवायचे कारण नाही, पण तिला हे समजावून सांगायला हवे.

‘सोडल्यापासून तब्येत उतरली’

पहिला आठवडा पार पडला की दवाखाना संपतो आणि वस्तीची परीक्षा सुरू होते. कारण माणूस लगेच चांगला दिसत नाही. दारूने आलेली सूज उतरते, चेहरा ओढल्यासारखा होतो. शेजारीपाजारी म्हणतात, “पीत होता तेव्हा बरा दिसायचा.” एखादी आत्या, मावशी मायेने सुचवते, औषध म्हणून घोटभर द्यावी. इथे पुष्कळ जण घसरतात. म्हणून पुढे काय होणार हे आधीच ठाऊक असलेले बरे.

झोप सगळ्यात उशिरा येते. दारूने झोपेतला स्वप्नांचा भाग दाबलेला असतो, तो आता उसळून येतो. भयानक स्वप्ने पडतात, स्वप्नात आपण प्यायलो असे दिसते आणि माणूस घामाघूम होऊन उठतो, प्यायलो की काय म्हणून स्वतःचा वास घेतो. स्वप्नात प्यायल्याने शील मोडत नाही, हे त्याला कोणीतरी सांगितले पाहिजे. झोपेची घडी बसायला काही आठवडे, काहींना महिने लागतात. दिवसा न झोपणे, संध्याकाळनंतर चहा बंद, ठरल्या वेळी उठणे याने फरक पडतो.

गोड खावेसे वाटते. गुळाचा खडा, जास्त साखरेचा चहा, बिस्किटे. सुरुवातीचे काही आठवडे त्यावरून टोकू नका, मधुमेह असेल तर मात्र डॉक्टरांना विचारा. भुकेला पिण्याची ओढ जास्त लागते, म्हणून पूर्वी पिण्याची वेळ होती त्या संध्याकाळच्या वेळी पोट भरलेले असावे. तंबाखू आणि पुड्या वाढतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे हे वाक्य माजलगावच्या कुठल्याही टपरीसमोर उभे राहून म्हणून बघा.

पोट कधी बांधते, कधी सुटते. चिडचिड होते, रडू येते, काहीच गोड लागत नाही. हेही बरेचसे मेंदूच्या रसायनांचे असते आणि आठवड्यांनी निवळते. निवळत नसेल, मरणाच्या गोष्टी निघत असतील तर त्याच दिवशी डॉक्टर. लैंगिक इच्छा आणि ताकद काही काळ कमी राहते. त्यावर नवरा-बायको बोलत नाहीत, संशय वाढतो. समुपदेशनात हा विषय आम्ही मुद्दाम काढतो. तळपायांना मुंग्या, जळजळ, पायाखाली कापूस असल्यासारखे वाटणे ही नसांची इजा आहे. ती महिन्यांनी भरते, काहींची पूर्ण भरत नाही.

आता चांगल्या बातम्या. यकृतावर नुसती चरबी चढलेली असेल तर दारू पूर्ण बंद केल्यावर दोन ते सहा आठवड्यांत ती बरीच उतरते. दारूमुळे चढलेला रक्तदाब महिन्याभरात खाली येतो. दारूने रक्तातल्या लाल पेशी फुगलेल्या असतात. पेशीचे आयुष्य साधारण १२० दिवसांचे, म्हणजे तीन-चार महिन्यांत नव्या पेशी आलेल्या असतात आणि ते तपासणीच्या कागदावर दिसते. असा कागद आम्ही माणसाच्या हातात देतो, कारण आरशात फरक दिसायच्या आधी तो कागदावर दिसतो. यकृत कडक झाले असेल, म्हणजे सिऱ्हॉसिस, तर ते पूर्ववत होत नाही, पण तिथेही दारू थांबवल्याने आयुष्य वाढते. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात, जे १९८६ पासून चालते आहे, उपचारासाठी ३५ दिवस ठेवतात. पहिल्या काही दिवसांत शरीर निवळते आणि मग मनाशी बोलता येते, हा हिशेब त्यामागे आहे.

फडावर गेल्यावर

आपल्या भागाची खरी अडचण पंचांगातच आहे. विजयादशमीला प्रतिज्ञा घेतली जाते आणि त्याच सुमारास टोळ्या ऊसतोडीला निघतात. उचल हातात आलेली असते, मुकादमाकडे ओली पार्टी होते. म्हणजे सोडल्याचे पहिले दहा दिवस एक तर ट्रकमध्ये जातात, नाही तर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कुठेतरी कोपीत. पहाटे थंडीत फडात उतरायचे, रात्री गाडी भरायची, हात कापत असताना कोयता धरायचा. खाडा पडला तर पैसे कापले जातात आणि जोडीतल्या बाईवर दोघांचे काम येते. मुकादमाला थरथर थांबवायचा एकच उपाय माहीत असतो आणि तो उपाय त्याच्याकडे तयार असतो.

म्हणून ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाने सोडायचे असेल तर निघण्याच्या किमान पंधरा दिवस आधी, गावात असताना सोडावे. म्हणजे धोक्याचे दिवस घरच्या रुग्णालयाजवळ जातील. निघताना डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी : किती वर्षे पीत होता, कधी सोडली, फिट आली होती का, कोणते औषध चालू आहे. बी-वनच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तितक्या दिवसांच्या बरोबर द्याव्यात. ज्यांना फिट येऊन गेली आहे त्यांनी पहिले काही आठवडे उसाने भरलेल्या ट्रकवर चढू नये. मोळ्या खालून देता येतात. हे काम वाटून घ्यायला जोडीदार टोळीवाले सहसा तयार होतात, फक्त त्यांना कारण सांगावे लागते.

टोळीत शिकलेले एक-दोन पोरे असतातच. हा लेख वाचणारे तुम्ही त्यांच्यापैकी असाल. १०८ रुग्णवाहिकेसाठी, १४४४६ व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय मदतवाहिनीसाठी, १४४१६ टेली-मानससाठी. हे तीन नंबर तुमच्या आणि मुकादमाच्या मोबाइलमध्ये ट्रक सुटायच्या आधी टाकून ठेवा. टेली-मानसवर कर्नाटकातल्या फडातूनही मराठीत बोलता येते, आणि त्याला पैसे पडत नाहीत.